सहदेवरावांचे तीन अधिकार

"मॅडम, एवढं सगळं एका माणसाच्या हातात ठेवू नका. माणसाला सर्दी होते."

हे मला परशुराम परब म्हणाले होते. आमच्या कंपनीत युनिक्सचं मशीन बसवायला आलेले इंजिनिअर. सांगताना ते चहात बिस्कीट बुडवत होते, आणि बिस्कीट बुडवत दिलेला सल्ला मी सहसा मनावर घेत नाही. मी म्हटलं, "मला सर्दी होत नाही."

ते खरंच होतं. मला सर्दी झाली नाही. मला मुलगी झाली.

कोलशेतला पंप बनवणारी आमची कंपनी. तिथल्या स्टोअर्समध्ये मी असिस्टंट आहे. अर्जात मी कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केल्याचं लिहिलं होतं, आणि नोकरीत एखादी गोष्ट येते असं एकदा कबूल केलं की ती रिटायर होईपर्यंत आपल्याच गळ्यात राहते. तसं ते मशीन माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतही होतं.

ज्यांचा या मशीनशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे मशीन म्हणजे आमच्या कोपरच्या बिल्डिंगसारखं. सहा टर्मिनल म्हणजे सहा बिऱ्हाडं. ज्याने त्याने आपापल्या खोलीत काय हवं ते करावं, पण पाण्याची टाकी, गच्चीची चावी, जिन्यातला दिवा हे सगळं एकट्या सेक्रेटरीकडे. या सेक्रेटरीला युनिक्समध्ये 'रूट' म्हणतात. रूटला कुणी नाही म्हणू शकत नाही. बाकीच्यांनी हद्द ओलांडली की पडद्यावर 'परमिशन डिनाइड' उमटतं आणि माणूस गप्प बसतो. रूटचा पासवर्ड ज्याला माहीत तो रूट, आणि तो माझ्या एकटीच्या डोक्यात होता.

रूटची कामं तशी तीनच. हेड ऑफिसहून दर सोमवारी सुट्या भागांच्या यादीची फ्लॉपी यायची. ती खाचेत सरकवली म्हणजे मशीनने स्वीकारली असं होत नाही. रूटने ती जोडून द्यावी लागते, नव्या सुनेची घरात सगळ्यांशी ओळख करून द्यावी तशी. दुसरं, रोज संध्याकाळी दिवसभराचं काम टेपवर उतरवून ठेवायचं. तिसरं, छापून झालेल्या रिपोर्टांचा गाळ मशीनच्या पोटात साठला की तो उपसायचा. मी असताना हे सगळं जाता येता होऊन जायचं.

मार्चमध्ये शालू झाली. मेअखेर बाळंतपणाची रजा संपली, आणि मी बिनपगारी रजेचा अर्ज केला, सप्टेंबरच्या पाच तारखेपर्यंत. त्या दिवशी शालूचं उष्टावण करायचं ठरलं होतं. तोवर ती फक्त माझ्या दुधावर, आणि मी फक्त तिच्याजवळ, एवढंच मला हवं होतं. मी जरा काळजी करणारी आहे. शालू झोपली की ती श्वास घेते आहे ना ते बघायला मी उठते. ती जागी असली की ती झोपत का नाही म्हणून उठते. आमचे हे म्हणतात, "तू वॉचमन असतीस तर बिल्डिंगमध्ये मांजरसुद्धा शिरलं नसतं." ह्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

कर्णिकसाहेबांनी, म्हणजे आमच्या स्टोअर्स मॅनेजरांनी, अर्ज मंजूर केला आणि तिसऱ्या दिवशी फोन केला.

फोन आमच्याकडे नाही. नंबर लावून सहा वर्षं झाली आहेत. फोन समोरच्या ब्लॉकमध्ये विमलाबाईंकडे. विमलाबाई रिटायर्ड शिक्षिका, एकट्या राहतात, आणि अख्खी बिल्डिंग त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. त्यांचा फोन क्रोशाच्या आच्छादनाखाली असतो आणि तो उचलण्याआधी त्या पदर सारखा करतात.

"नंदा, तुझी कंपनी," त्यांनी दारातून सांगितलं. "आणि शालूला इकडे आणू नकोस, दारात वारं आहे. मी येते तिच्याजवळ."

"नको बाई, मी घेऊनच येते तिला."

इथे एक कबुली देऊन टाकते. शालूच्या बाबतीत बाईंना माझ्याकडून फक्त बघण्याची परवानगी होती, उचलण्याची नव्हती. त्यांनी चाळीस वर्षांत हजारभर मुलं सांभाळली होती, पण ती सगळी सहा वर्षांच्या पुढची.

फोनवर साहेब म्हणाले, फ्लॉपी जोडली जात नाही. मी शालूला एका खांद्यावर घेऊन दुसऱ्या खांद्याने फोन धरला आणि काय काय टाइप करायचं ते सांगितलं. मशीन म्हणालं, 'परमिशन डिनाइड'. म्हणणारच. त्या आठवड्यात असे सात फोन आले. सातही शालूच्या पिण्याच्या वेळेला. तिचं पोट आणि कंपनीचं मशीन एकाच घड्याळावर लावलं होतं की काय कोण जाणे.

आठव्या फोनला कर्णिकसाहेबांनी अट घातली. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण कुठलीही गोष्ट त्यांना आकड्यात लागते. "आठवड्याला एक फोन. दुसरा करावा लागला, तर तुमची रजा संपली असं मी समजेन. पुढच्या सोमवारी टेबलावर."

"साहेब, ती अजून तीन महिन्यांचीही नाही."

"मशीनही नवीनच आहे," साहेब म्हणाले.

मग मी जे केलं ते लिहायला आजही बोट अडतं. मी साहेबांना रूटचा पासवर्ड सांगून टाकला.

दोन दिवस गाढ शांतता. बाईंनी मला सांजा खायला घातला. तिसऱ्या दिवशी कळलं ते असं. साहेबांनी पासवर्ड कागदावर लिहून स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, लग्नपत्रिकेशेजारी. संध्याकाळपर्यंत स्टोअर्समधले सगळे रूट झाले. पण एकदा रूट म्हणून, एकदा आपल्या नावाने, असं जा-ये करताना मध्येच कुणाला तरी 'परमिशन डिनाइड' यायचंच. तो रडत साहेबांकडे. दिवसभरात असे वीस जण आले. साहेब वैतागले. "माझ्या खात्यात कुणालाही परवानगी नाकारलेली मला चालणार नाही," असं म्हणून त्यांनी मॅन्युअल उघडलं, त्यातून हुकूम शोधला, आणि मशीनमधल्या एकूण एक फायलीवर सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. सगळ्यांना. सगळ्या.

त्यांना वाटलं, आता कटकट मिटली. प्रत्यक्षात छपाई बंद पडली, कुणाला स्वतःचा पासवर्ड बदलता येईना, आणि कुणी आपल्या टर्मिनलवरून रूट होऊ म्हटलं तर तेही होईना.

त्याचं कारण मजेदार आहे. मला तेव्हा मजा वाटली नव्हती. युनिक्समध्ये काही मोजक्या प्रोग्रॅमवर एक बारीकशी खूण असते. ती खूण असलेला प्रोग्रॅम कुणीही चालवला, तरी तेवढ्यापुरतं ते काम रूटच्या नावाने होतं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन पाण्याचा पंप चालू करतो तो सेक्रेटरीच्या नावाने, पण म्हणून तो सेक्रेटरी होत नाही. तसंच. साध्या माणसाला छापता येतं, पासवर्ड बदलता येतो, ते त्या खुणेच्या जिवावर. साहेबांच्या सरसकट हुकमाने ती खूण सगळीकडून पुसली गेली. सगळ्यांना सगळं देण्याच्या भरात, प्रत्येकाला नेमकं जे हवं होतं तेवढंच काढून घेतलं गेलं.

"हा या आठवड्यातला दुसरा फोन," साहेब म्हणाले. मग, "चूक माझी आहे. हा धरत नाही. पण एकदा येऊन जा."

मी शालूला सोडून जाणार नव्हते. म्हणून शालू आली. शालू आली म्हणून कुंची, लोकरीचे मोजे, दुपटी, वेखंडाची डबी, उकळलेल्या पाण्याचा थर्मास आला. एवढं सामान एकटीला उचलेना म्हणून विमलाबाई आल्या.

गेटवर सिक्युरिटीवाल्यांनी आम्हाला थांबवलं.

"मॅडम, तुमचा पास आहे. आजींचा व्हिजिटर पास करतो. पण हे?"

"ही माझी मुलगी."

"मुलगी ओळखली हो मॅडम. नोंद कशात करू? व्हिजिटर म्हणायचं तर सही लागते."

"तिला सही येत नाही."

"तेच म्हणतोय मी."

पंधरा मिनिटं चर्चा झाली. शेवटी त्यांच्या मोठ्या साहेबांनी मार्ग काढला. कारखान्यात बाहेरची एखादी वस्तू आत न्यायची आणि पुन्हा बाहेर काढायची असेल तर गुलाबी पावती फाडतात, 'परत नेण्याचा माल'. त्या पावतीवर शालू आत गेली. वर्णन, बाळ. नग, एक. आणण्याचं कारण, मशीन दुरुस्ती. 'मालाची स्थिती' या रकान्यात काय लिहायचं यावर ते अडले, तेव्हा बाईंनी चष्म्यातून वाकून बघत सांगितलं, "झोपलेली. ली दुसरी वेलांटी, पहिली काढलीत तर फाडेन वही." त्या चाळीस वर्षं मराठी शिकवत होत्या. त्यांचा आवाज ऐकून त्या माणसाने सरळ उभं राहून लिहिलं.

मशीनची खोली एअरकंडिशन्ड. मी जुन्या टेपवरून सगळं पूर्ववत उतरवायला लावलं. दोन तासांचं काम. बाई शालूला मांडीवर घेऊन (घेणं भाग होतं, माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते) कोपऱ्यात बसल्या, आणि मी छपाईचे कागद बघायला बाहेर गेले तेवढ्यात त्यांनी एअरकंडिशनर बंद करायला लावला.

"लेकरू गारठलंय," त्यांनी मला नंतर सांगितलं. "आणि तुझं मशीन काही थंडीने मरत नाही."

थंडीने मेलं नसतं. उकाड्याने मात्र दीड तासाने बंद पडलं. टेप अर्धी उतरली होती. पुन्हा पहिल्यापासून. हे होईतो पाच वाजून गेले, कर्णिकसाहेब पाचला घरी गेले, आणि मग गेटवर कळलं की परत नेण्याचा माल बाहेर काढायला खातेप्रमुखांची सही लागते.

मी जाऊ शकत होते. बाई जाऊ शकत होत्या. शालूला बाहेर सोडायला कंपनी तयार नव्हती.

मी तिथे रडले, हे लपवत नाही. सिक्युरिटीवाल्यांनाही कसंतरी झालं, त्यांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, पण पावती ती पावती. तेव्हा आमच्या स्टोअर्सचे सहदेवराव सायकल घेऊन पुढे आले. "पावती द्या इकडं, ताई," एवढंच म्हणाले, आणि पाचपाखाडीला साहेबांच्या घरी जाऊन सही घेऊन आले. जाऊन-येऊन सव्वा तास. आल्यावर घामही पुसला नाही, आधी सही दाखवली.

सहदेवराव कोलशेत गावचेच. खाडीवर मासेमारी करणारं घर, पण हे तीस वर्षांपूर्वी कंपनीत लागले. खातं संगणकावर आलं तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी एका बोटाने टाइप करायला शिकले. त्या दिवशी बसमध्ये बाई मला म्हणाल्या, "तुला तुझ्या मशीनसाठी वर्गासारखा मॉनिटर नेमायचा आहे ना? हुशार मुलगी कधी मॉनिटर करू नये. जी दंगा करत नाही ती करावी. आणि दोघी नेमाव्यात. एकीला गोवर येतो."

पहिला भाग मला एकदम पटला. सगळं स्टोअर्स रूट झालं होतं तेव्हा एकटे सहदेवराव दोन दिवस बंद पडलेल्या टर्मिनलसमोर हात बांधून बसले होते. पासवर्ड काचेखाली दिसत होता तरी. विचारलं तर म्हणाले, "मना तुमी सांगितला काय? नाय सांगितला. मंग मी कसा घेईन?"

दुसऱ्या भागाकडे मी लक्ष दिलं नाही. शालू बसमध्ये शिंकली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले (गुलाबी पावतीवर साहेबांनी सकाळीच आगाऊ सही केली). रूटचा पासवर्ड बदलला. मग तीन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एक फक्त ती फ्लॉपी जोडणारा आणि सोडणारा. एक फक्त टेप घेणारा. एक फक्त छपाईचा गाळ उपसणारा. तिन्हींवर ती खूण केली, आणि तिन्ही फक्त सहदेवरावांनाच चालवता येतील असं केलं. रूटपण नाही, रूटची तीन कामं. स्वतःच्याच कामावर इतकी खूश मी क्वचित झाले आहे. शेवटी एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं: फ्लॉपी, दर सोमवारी. गाळ, मशीन भरलं की. टेप, रोज संध्याकाळी पाच वाजता.

सहदेवरावांनी वही दोन्ही हातांनी घेतली. "आनि मी नसलो तर?"

"तुम्ही कुठे जाताय?" मी हसून म्हटलं.

तेही हसले. "मी खय जानार."

त्यानंतर फोन आला नाही.

पहिला आठवडा मी सुखात होते. दुसऱ्या आठवड्यात बाईंना विचारलं, फोन चालू आहे ना. त्यांनी आच्छादन उचलून मला रिसीव्हर कानाला लावून दिला. चालू होता. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना पुन्हा विचारलं. चौथ्या आठवड्यात मला झोप येईना. शालू झोपायला शिकली होती, मी नव्हते. मशीन माझ्याशिवाय चालत होतं. ज्या मशीनसाठी मला सात-सात फोन यायचे त्याला माझी आठवणसुद्धा येत नव्हती. मी ह्यांना बोलून दाखवलं.

"मग हेच तर हवं होतं ना तुला?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

हवं असलेलं मिळाल्यावर वाईट वाटू नये असा कुठे नियम आहे? शेवटी मीच फोन केला. सहदेवरावांनी उचलला.

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय."

"फ्लॉपी जोडली जाते?"

"जाते."

"टेप?"

"रोज."

"काही अडचण?"

"काय नाय. पोर काय बोलते?"

अजून बोलत नाही म्हटलं. "बोलंल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. यापेक्षा जास्त माहिती आमच्या मशीनच्या पडद्यावर मिळते. मी असे दर आठवड्याला फोन करत राहिले. दर वेळी ठीक हाय, रोज, काय नाय. एकदा आवाज घोगरा वाटला. मी विचारलं नाही. मला टेपची चौकशी करायची होती.

ऑगस्टच्या दोन तारखेला नारळी पौर्णिमा होती, सोमवार. बाईंनी वाटीभर नारळीभात आणून दिला. मला आठवलं, आज कोलशेत गावात मोठा सण. आज सोमवारची फ्लॉपी कोण जोडणार? बघू तरी, निदान आज तरी माझ्यावाचून अडलंय का. होय, एवढ्या हलक्या मनाने मी तो फोन लावला. लिहायला घेतलंच आहे तर खरं लिहिते.

दुसऱ्या रिंगला सहदेवरावांनी उचलला.

"तुम्ही? आज?"

"फ्लॉपी जोडली सकालीच. टेप पाचला घेतो."

"सहदेवराव, आज पुनव आहे. तुमच्याकडे नारळ सोडतात ना खाडीला?"

"सोडतात. चारला. भरती चारला हाय." मग हळूच, "धाकूनं नवी होडी बांधली. तिची पन पूजा हाय."

धाकू त्यांचा मुलगा. भरती चारला, टेप पाचला. आणि भरती टेपसाठी थांबत नाही.

"मग एक दिवस टेप नका घेऊ."

"रोज बोल्लाव तुमी. वहीत हाय. ज्या दिसाला नाय घेनार त्याच दिसाला मशीन बसंल बघा."

मग मी एक एक विचारत गेले, आणि ते नाइलाजाने सांगत गेले. रविवारी? रविवारी गेटवर नोंद करून येतात. दुसरं कुणी? स्टोअर्समधली सरोज म्हणाली होती मी घेते, पण तिच्या नावाने मशीन 'परमिशन डिनाइड' म्हणतं. बरोबर. मीच तसं केलं होतं. मध्ये तीन दिवस ताप होता, तेव्हा पाचला येऊन टेप घेऊन परत जायचे. सत्तेचाळीस दिवसांत एक दिवस चुकलेला नव्हता. मधल्या एका शनिवारी टेप अडकली होती, ती त्यांनी तीन तास बसून, पंख्याखाली धरून, हलके हलके सोडवली.

"अहो, मग मला फोन का नाही केलात?"

"तुमी केला होताव त्या आठवड्यात. मी केला असता तर दुसरा झाला असता. सायबानं मोजला असता." पलीकडे कुणीतरी ड्रॉवर ओढला. "पोर दुधावरची हाय ना, ताई."

मी फोन ठेवला. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी शालूला त्यांच्या हातात दिलं. उचलून, सरळ हातात.

"बाई, मी संध्याकाळी येते. हिला आत्ताच पाजलंय. मध्ये रडली तर उकळलेलं पाणी चमच्याने. कुशीवर झोपवा, पालथी नको. नाकाला फडकं लागू देऊ नका. डावा कान..."

"नंदा," बाई म्हणाल्या, "जा."

गेटवर सिक्युरिटीवाल्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघून गुलाबी वही अर्धी उघडली आणि मिटली. सव्वादोनला मी स्टोअर्समध्ये पोचले. सहदेवराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून टर्मिनलसमोर बसले होते. घरून निघतानाच घातलेला, की पाचनंतर धावत जाता येईल. मी म्हटलं, उठा. ते म्हणाले, पाचला जाईन. मी म्हटलं, आज रूट मी आहे, आणि रूटला कुणी नाही म्हणू शकत नाही. तेव्हा ते उठले. दारातून परत आले, वहीत माझ्याकडून त्या दिवसाच्या टेपपुढे सही करून घेतली, आणि मग गेले. आधीच्या सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस सह्या त्यांच्या होत्या, पानामागून पानं. मी ती वही त्यांना दिल्यापासून उघडून बघितली नव्हती.

मी टेप घेतली. सरोजचं नाव तिन्ही प्रोग्रॅमना जोडलं. पण नाव जोडलं म्हणजे काम आलं असं नाही, ते शिकवावं लागतं, आणि ते एका दुपारीत होत नाही. दुसऱ्या दिवशी मी कर्णिकसाहेबांकडे गेले आणि सहदेवरावांसाठी पंधरा दिवसांची रजा मागितली.

साहेबांनी चष्मा काढला. "मग मशीन?"

"सरोज बघेल."

"तिला येतं?"

"शिकवावं लागेल."

"कोण शिकवणार?"

खोलीत पंखा फिरत होता. ह्या प्रश्नाचं उत्तर दिलं की काय होणार हे मला कळत होतं. उष्टावणाला महिना राहिला होता. "मी," मी म्हटलं.

"म्हणजे तुमची रजा संपली असं मी समजू?"

"समजा."

साहेबांनी तारीख लिहिली. मग पेन ठेवून म्हणाले, "तिचं उष्टावण आहे ना पाच तारखेला? रविवार आहे. आम्ही येऊ." हे त्यांनी मनाने जोडलेलं होतं, अटीत नव्हतं.

तर आता मी पुन्हा कामावर जाते. सहदेवराव धाकूच्या नव्या होडीवर आहेत. परवा त्यांच्या घरून कोळंबीचा डबा आला, सोबत निरोप, टेप कोन घेतं? सरोज घेते, एक दिवसाआड मी घेते, आणि कर्णिकसाहेबांनाही गाळ उपसण्याची परवानगी दिली आहे. ते तो दिवसातून तीनदा उपसतात. मशीन इतकं स्वच्छ कधी नव्हतं. वहीत मी 'रोज' हा शब्द खोडला आणि वारांपुढे नावं घातली.

शालू विमलाबाईंकडे असते, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा. आता सगळ्या परवानग्या त्यांच्याकडे आहेत. अंघोळ, झोप, औषध, माझं काढून ठेवलेलं दूध वाटीने पाजणं, सगळं. दुपारी मी कंपनीतून फोन करते.

"सगळं ठीक आहे ना, बाई?"

"ठीक आहे."

"काही अडचण?"

"काही नाही. तू तुझं काम कर."

पहिले चार दिवस हे ऐकून मला बरं वाटलं. पाचव्या दिवशी नाही वाटलं. असं उत्तर मी आधी कुठे ऐकलंय ते मला माहीत होतं. बाई दर बुधवारी गीतेच्या वर्गाला जात. गेल्या दोन बुधवारी गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, वर्ग बंद आहे. काल तळमजल्यावरच्या काकू हातात गीता घेऊन वर्गाहून परतताना मला दिसल्या. बाईंचे गुडघे दुखतात, शालू आता कुशीवर वळून भराभर सरकते, आणि बाईंना कुणी विचारलं तर त्या चाळीस वर्षांच्या सवयीने पाठ ताठ करतात. मी संध्याकाळी विचारते, पण मला त्या सांगणार नाहीत. मी शालूची आई आहे. माझी रजा आधीच गेली आहे हे त्यांना माहीत आहे. ह्यांना विचारायला लावलं तर त्यांनाही 'ठीक आहे' सांगून वर चहा पाजला.

म्हणून तुम्हाला सांगते. डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला कधी येणं झालं, तर आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका, कडी हलकेच वाजवा. शालूला बघायला नाही. शालू मजेत असते, ते तिच्या गालांवरून मला कळतं. विमलाबाईंना बघून या. त्या दारातच म्हणतील, सगळं ठीक आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. पाणी मागा, आत जा, आणि मोरीत त्यांचं दुपारचं ताट खरकटं पडलेलं दिसतंय का, म्हणजे त्या जेवल्यात का, तेवढं बघून या.